किडनीच्या धमनीतला अडथळा: फुगा कोणाला, गोळ्या कोणाला

पोफळीच्या बागेत एका टोकाला विहीर आणि पंप, दुसऱ्या टोकाला शेवटचं झाड. मधल्या पाइपात कुठेतरी गाळ धरला की शेवटच्या आळ्यात पाणी पोचत नाही. तिथे उभा असलेला माणूस हाक मारतो, ‘अरे, पंप जोरात सोड!’ पंप चांगला चालू असतो, विहिरीलाही पाणी असतं, पण त्याला दिसतं ते फक्त आपलं कोरडं आळं. जोर वाढवला की त्याच्याकडे थोडं पाणी येतं खरं, पण वाटेतले बाकीचे सगळे जोड ताणले जातात.

किडनीची धमनी अरुंद झाली की शरीरात हेच घडतं. पोटातल्या महाधमनीतून दोन्ही किडन्यांकडे एकेक फाटा निघतो, जेमतेम 5 ते 6 मिलिमीटर व्यासाचा. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे जवळजवळ लिटरभर, या दोन फाट्यांतून वाहतो. फाटा अरुंद झाला की पलीकडची किडनी समजते, शरीरातच रक्त कमी पडलं. मग ती रेनिन नावाचं रसायन सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळतं. पाठोपाठ अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं. बीपी चढतं. 1934 मध्ये क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीवर चांदीचा चिमटा लावून ती थोडीशी आवळली आणि रक्तदाब वाढतो हे दाखवलं. आजची सगळी समज त्या चिमट्यापासून सुरू होते.

अडथळा एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. एकाच बाजूला असेल तर दुसरी, धडधाकट किडनी जास्तीचं मीठपाणी लघवीतून बाहेर टाकत राहते. मात्र चढलेल्या दाबाचा मारही तीच खाते आणि काही वर्षांनी झिजते. दोन्ही बाजूंना अडथळा असेल, किंवा माणसाला एकच किडनी असेल, तर साठलेल्या पाण्याला वाट उरत नाही. अशा माणसाची छाती अचानक, बहुतेकदा रात्री, पाण्याने भरते. उशाला दोन उशा घेऊनही श्वास पुरत नाही, बीपी 200 च्या वर असतं. इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला तर हृदयाचं पंपिंग चांगलं! असं एकदा नव्हे, दोनदा झालं तर किडनीच्या धमन्या तपासल्याशिवाय त्या रुग्णाला घरी पाठवू नये, असं आमचं ठाम मत आहे.

धमनी अरुंद का होते

तीन कारणं महत्त्वाची आहेत आणि तिन्हींचा उपचार वेगळा आहे. म्हणून ‘किडनीच्या नसेत ब्लॉकेज आहे’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या प्रकारचं, हे विचारा.

पन्नाशी-साठीनंतर बहुतेकांत ते कोलेस्टेरॉल आणि चुन्याच्या थरामुळे होतं. हा थर धमनीच्या अगदी तोंडाशी, पहिल्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये असतो आणि खरं तर महाधमनीच्या भिंतीवरचाच थर तिथवर पसरलेला असतो. अशा माणसांना हृदयाचा, पायांच्या रक्तवाहिन्यांचा त्रासही बरेचदा असतो. मधुमेह, विडी-सिगारेट, जुनं बीपी ही पार्श्वभूमी असते. तंबाखू म्हणजे फक्त विडी नव्हे, हेही इथे सांगायला हवं. आपल्याकडे बायकांच्या मिशरीची कोणी मोजदादच करत नाही. डॉक्टरांनी ‘तंबाखू आहे का’ विचारलं की घरचे ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. मिशरीतही निकोटिन असतं. ते आपणहून सांगावं.

दुसरा प्रकार तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया असं त्याचं नाव. यात चरबीचा थर नसतो, धमनीच्या भिंतीचीच वीण बिघडलेली असते. अँजिओग्राफीत धमनीचा मधला आणि पुढचा भाग मण्यांच्या माळेसारखा दिसतो.

तिसरा प्रकार भारतात विशेष लक्षात ठेवावा असा: टाकायासू आर्टेरायटिस. 1908 मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांत याचं चित्र पहिल्यांदा नोंदवलं. यात महाधमनी आणि तिच्या फाट्यांच्या भिंतींना सूज येते, भिंत जाड होते आणि आतली वाट बुजत जाते. पंचविशीतल्या मुलीचं बीपी वाढलेलं असेल तर हा आजार मनात यायलाच हवा. गंमत नव्हे, धोका असा की याच आजारात हाताची धमनीही अरुंद झालेली असू शकते. मग त्या हाताचं बीपी 110 दिसतं आणि खरं बीपी 180 असतं. दोन्ही हातांचं बीपी घ्यायला, आणि नाडी नीट लागत नसेल तर पायाचंही घ्यायला, पाच मिनिटं लागतात. हे प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं. दोन हातांत 10 मिलिमीटरपेक्षा (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) जास्त फरक सातत्याने आला तर तो केसपेपरवर लिहून घ्या.

शंका कधी घ्यायची

बीपी तिशीच्या आत सुरू झालं, किंवा पंचावन्ननंतर अचानक आणि जोरात सुरू झालं. वर्षानुवर्षं दोन गोळ्यांवर शांत असलेलं बीपी गेल्या सहा महिन्यांत ऐकेनासं झालं. लघवीची गोळी धरून तीन प्रकारची औषधं पुरेशा मात्रेत आणि रोज न चुकता घेऊनही खाली येत नाही. सोनोग्राफीत एक किडनी दुसरीपेक्षा दीड सेंटिमीटरहून लहान निघाली. यातलं काहीही असलं तर शंका घ्यायला जागा आहे.

आणखी एक खूण औषधातून मिळते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गटांतली गोळी सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की चढणारा आकडा) 30 टक्क्यांहून जास्त वाढलं, म्हणजे 1.2 चं 1.6 झालं, तर दोन्ही बाजूंच्या अडथळ्याची शक्यता असते. कारण सरळ आहे. अरुंद धमनीमागची किडनी आपल्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी आवळून आत दाब टिकवत असते. ही गोळी नेमकी ती वाहिनी सैल करते. म्हणून या गोळ्या सुरू केल्या की क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एकदा बघायलाच हवं. पण याचा अर्थ त्या गोळ्या वाईट, असा मुळीच नाही. एकाच बाजूचा अडथळा असेल तर त्याच सगळ्यात चांगल्या.

तपासणीत पहिली येते ती डॉप्लर सोनोग्राफी. डाय (चित्रात रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) नाही, किरणं नाहीत. रिकाम्या पोटी, आदल्या रात्री हलकं जेवून जावं, कारण आतड्यात गॅस असला की धमनीचं तोंड दिसतच नाही. अरुंद जागेतून रक्त जोरात उसळतं. हा वेग सेकंदाला 200 सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त, आणि महाधमनीतल्या वेगाच्या साडेतीनपट असेल तर अडथळा लक्षणीय मानतात. हे काम वेळखाऊ आणि हाताच्या कसबाचं आहे. ‘किडनीची डॉप्लर’ म्हणून पाच मिनिटांत उरकलेली तपासणी काही सांगत नाही. पुढची पायरी सीटी अँजिओग्राफीची. तिची सीडी आणि फिल्म दोन्ही मागून घ्या. ओरोसहून किंवा चिपळूणहून कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी, मुंबई असा प्रवास होतो तेव्हा नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, चित्रं लागतात. सीडी हरवली म्हणून पुन्हा सीटी म्हणजे त्याच आजारी किडनीवर पुन्हा 80-100 मिलिलिटर डाय.

अडथळा दिसला म्हणजे स्टेंट नव्हे

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून जरा थांबू. 6 मिलिमीटरच्या धमनीत 70 टक्के अडथळा म्हणजे 1.8 मिलिमीटरची वाट उरली. चित्रात ते भयंकर दिसतं आणि ती उघडून टाकावी असं कोणालाही वाटेल. पण कोलेस्टेरॉलच्या थराने झालेल्या अडथळ्यांवर मोठे अभ्यास झाले तेव्हा निकाल वेगळाच आला. 2009 च्या अ‍ॅस्ट्रल अभ्यासात 806 रुग्ण होते, 2014 च्या कोरल अभ्यासात 947. निम्म्यांना फक्त औषधं, निम्म्यांना औषधं अधिक धमनी उघडण्याचा उपचार, म्हणजे आतून फुगा फुगवणं किंवा स्टेंट (धमनी उघडी धरणारी जाळीची नळी) बसवणं. कोरलमध्ये मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, किडनी निकामी होणं असं काही ना काही स्टेंटवाल्यांपैकी 35.1 टक्क्यांना झालं आणि नुसत्या औषधवाल्यांपैकी 35.8 टक्क्यांना. फरक नाहीच म्हणायचा. बीपीत फरक पडला तो सरासरी 2 मिलिमीटरच्या आसपास.

असं का? एक तर अशा माणसाचं बीपी बरेचदा आधीपासूनचं असतं, धमनी नंतर अरुंद होते. पाइप साफ केला तरी पंपाची जुनी सवय जात नाही. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या किडनीतल्या बारीक वाहिन्याही खराब झालेल्या असतात. मोठी वाट मोकळी केली तरी पुढच्या गल्ल्या बंदच.

पण जे सगळ्यात आजारी होते, छातीत वारंवार पाणी भरणारे किंवा ज्यांची किडनी काही आठवड्यांत घसरत होती, ते या अभ्यासांत फारसे आलेच नाहीत. म्हणून आज साधारण असं ठरतं: बीपी औषधांनी ताब्यात असेल, क्रिएटिनिन स्थिर असेल, तर गोळ्या, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी), अ‍ॅस्पिरिन आणि तंबाखू बंद. छाती अचानक भरते आहे, तीन-चार औषधांनाही बीपी दाद देत नाही, दोन्ही बाजूंचा किंवा एकुलत्या किडनीचा अडथळा असून क्रिएटिनिन चढत चाललं आहे, तर धमनी उघडण्याचा विचार. आणि तोही किडनीत जीव असेल तर. 7 सेंटिमीटरपर्यंत आक्रसलेल्या किडनीत स्टेंट घालून उपयोग होत नाही.

मण्यांच्या माळेचा प्रकार मात्र वेगळा. तिथे नुसता फुगा फुगवून पुष्कळदा बीपीच्या गोळ्या सुटतात, विशेषतः वय कमी आणि बीपी नवं असेल तर. स्टेंट सहसा लागत नाही. टाकायासूमध्ये आधी औषधांनी सूज शमवावी लागते. ईएसआर, सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) चढलेलं असताना फुगवलेली धमनी लवकर पुन्हा आवळते.

कॅथलॅबमध्ये काय होतं

1977 मध्ये झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या धमनीची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली. पुढच्याच वर्षी किडनीच्या धमनीचीही नोंद झाली. आजची पद्धत त्याच वळणाची आहे, हत्यारं बारीक झाली आहेत.

पूर्ण भूल नसते. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीपुरती जागा बधिर करतात आणि तिथून 6 फ्रेंच मापाचा कॅथेटर (लवचिक पोकळ नळी) आत जातो. 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर, तेव्हा जाडी 2 मिलिमीटर. रक्त गोठू नये म्हणून वजनाप्रमाणे हेपॅरिन. पहिली काळजी इथूनच सुरू होते: महाधमनीची भिंत जुन्या चुलीच्या धुराड्यासारखी असते, खरवडलं की काजळी सुटते. कोलेस्टेरॉलचे कण सुटून खाली किडनीत किंवा पायाच्या बोटांत अडकतात. म्हणून जाणकार माणूस एक जाड तार महाधमनीत वर ठेवून कॅथेटरचं टोक भिंतीपासून दूर राखतो आणि धमनीच्या तोंडाशी अलगद आणतो. अडथळा मध्यम असेल तर पुढचा आणि मागचा दाब मोजतात. वरच्या दाबात 20 मिलिमीटरचा फरक असेल तरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

मग 0.014 इंचाची, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक तार अडथळ्यातून पार नेतात. तिचं टोक किडनीच्या आत भलतीकडे घुसू नये यावर सतत नजर ठेवावी लागते. बारीक फांदी टोचली गेली तर किडनीभोवती रक्त साठतं आणि ते कळतं काही तासांनी. तारेवरून आधी लहान फुगा जातो. त्यात डाय मिसळलेलं पाणी एका स्क्रूच्या पंपाने भरतात, पंपावर दाबाचा काटा असतो. पडद्यावर फुगा डमरूसारखा दिसतो, अडथळ्याच्या जागी त्याची कंबर बारीक. काटा 6, 8, 10 वातावरणांकडे (अ‍ॅटमॉस्फिअर, दाबाचं माप) सरकतो आणि एका क्षणी कंबर भरून येते. या वेळी रुग्णाला विचारत राहतात, ‘आजोबा, कमरेत दुखतंय का?’ हे गप्पा मारण्यासाठी नसतं. धमनी प्रमाणाबाहेर ताणली की बरगडीखाली, पाठीकडे दुखतं आणि ही फाटण्याआधीची सूचना असते. ‘वायच दुखता’ एवढं असलं तरी ते तिथेच बोलावं. दुखणं वाढलं की फुगा लगेच उतरवतात.

थराचा अडथळा असेल तर पुढे 5 ते 7 मिलिमीटर व्यासाचा, साधारण 15-18 मिलिमीटर लांबीचा स्टेंट बसवतात. तो महाधमनीत एक-दोन मिलिमीटर डोकावेल असाच ठेवायचा. कमी पडला तर धमनीचं तोंड उघडं राहून पुन्हा बुजतं, जास्त बाहेर आला तर पुढे कधी कॅथेटर आत घालायची वेळ आल्यावर तो अडचण करतो. सगळं सुरळीत असेल तर तासाभराचं काम.

पुढचे तीन दिवस

जांघेतून केलं असेल तर चार ते सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहावं, लघवीही पडल्यापडल्या. पाठीत किंवा ओटीपोटात दुखू लागलं, घाम फुटला, बीपी घसरलं तर जांघेची जागा वरून साफ दिसत असली तरी नर्सला बोलवा. रक्त पोटामागच्या पोकळीत साठत असू शकतं, बाहेर थेंबही दिसत नाही. पहिले 24 तास बीपी झपाट्याने उतरूही शकतं, कारण हाका मारणारी किडनी आता गप्प झालेली असते. कालच्याच चार गोळ्या आज जास्त होतात. कोणती कमी करायची ते डिस्चार्जच्या आधी लिहून घ्या.

डायमुळे किडनीला धक्का बसला तर क्रिएटिनिन 48 ते 72 तासांनी वाढतं. अडचण अशी की तोवर रुग्ण घाट उतरून देवगडला घरी पोचलेला असतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशीची क्रिएटिनिनची तपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये करायची आणि रिपोर्ट कोणत्या नंबरवर पाठवायचा, हे निघण्याआधी ठरवावं. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती सहसा हा रिपोर्ट बघूनच पुन्हा सुरू करतात. लघवी कमी झाली तर रिपोर्टची वाट बघू नये. पायाची बोटं निळसर पडली, मांडीवर जाळीदार जांभळे चट्टे दिसले, तर ते सुटलेले कोलेस्टेरॉलचे कण. हे काही आठवड्यांनीही होतं, ‘चप्पल लागली असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

घरी आल्यावर कोकणातल्या घरात काही गोष्टी हमखास आड येतात. आजाऱ्याला शहाळं देण्याची आपली प्रेमाची रीत आहे. पण एका शहाळ्यातून सहज 500 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम जातं. क्रिएटिनिन वाढलेलं, त्यात टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू, अशा माणसाला रोजचं शहाळं महागात पडतं, हृदयाचा ठोका बिघडू शकतो. कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून बिंबलांचा (आंबट बिलिंबी फळांचा) रस पिणाऱ्यांनी तो थांबवावा. त्यातल्या ऑक्झलेटने चांगली किडनीही बंद पडल्याची उदाहरणं आहेत. खारा बांगडा, सुकट, मिठातली तोरं (कोवळ्या कैऱ्या), पापड यातून दिवसाचं 5 ग्रॅम मीठ एका जेवणात संपतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी तर नकोच. आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, किंवा वैशाखात कलमांच्या बागेत दिवसभर घाम गाळून अंग सुकलं, तर लघवीची आणि ‘प्रिल’-‘सार्टन’ गटातली गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

स्टेंट असेल तर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्या किमान महिनाभर बरोबर, नंतर त्यातली एक पुढे चालू. दात काढायचा म्हणून परस्पर बंद करू नये. खर्चाचं विचाराल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा. मंजुरी उपचारापूर्वी लागते, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

डॉप्लर एक महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी. साधारण 10 ते 20 टक्के स्टेंट पहिल्या वर्षभरात आतून पुन्हा अरुंद होतात आणि त्याची पहिली खबर बहुतेकदा घरच्या बीपीच्या वहीतच मिळते. म्हणून वहीत तारीख, वेळ आणि कोणत्या हाताचं, हे तिन्ही लिहा.

शेवटी एक घोटाळा. मूतखड्यासाठी मूत्रवाहिनीत घालतात तो डीजे स्टेंट, तो काही आठवड्यांत काढायचाच असतो. धमनीतला स्टेंट कायमचा, तो कोणी काढत नाही. दोन्हींना घरात ‘किडनीतला स्टेंट’च म्हणतात. आपल्याकडे मूतखडा घरोघरी, त्यामुळे एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. डिस्चार्ज कार्डावर ‘धमनीतला स्टेंट, उजवी बाजू’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.